सत्य कुणाच्या कपाटात होतं? वॉटरगेटच्या टेप आणि अमेरिकेची राज्यघटना

१७ जून १९७२. मध्यरात्र उलटून गेली होती. वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट नावाच्या इमारतसंकुलात फ्रँक विल्स हा २४ वर्षांचा रखवालदार फेरी मारत होता. तळघरातल्या एका दाराच्या खटक्यावर त्याला चिकटपट्टी दिसली. पट्टीमुळे दार ओढलं जायचं, पण कुलूप बसायचं नाही. कामगारांनी सामान नेताना लावली असेल आणि काढायची राहिली असेल, असं समजून त्याने ती काढून टाकली. थोड्या वेळाने परत येऊन बघतो, तर त्याच दाराला पुन्हा पट्टी. विल्सने पोलिसांना फोन केला. सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाचं मुख्य कार्यालय होतं. तिथे पाच माणसं सापडली. हातांत रबरी मोजे, जवळ कॅमेरे आणि चोरून बोलणं ऐकण्याची उपकरणं. त्यांतला एक जण, जेम्स मॅकॉर्ड, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना पुन्हा निवडून आणण्यासाठी स्थापन झालेल्या समितीचा सुरक्षाप्रमुख होता.

त्यानंतर जवळपास २६ महिन्यांनी, ९ ऑगस्ट १९७४ रोजी, निक्सन यांनी राजीनामा दिला. अमेरिकेच्या इतिहासात राजीनामा देऊन पायउतार झालेले ते एकमेव राष्ट्राध्यक्ष.

ही गोष्ट बहुतेकांना एवढीच माहीत असते: चोरी झाली, दोन पत्रकारांनी उघड केली, अध्यक्ष गेले. मधली वाट मात्र फार कमी वेळा सांगितली जाते. ज्या माणसाच्या हातात सैन्य आहे, तपासयंत्रणा आहे, कायदामंत्री नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार आहे, त्या माणसाच्या कपाटातून त्याच्याच विरुद्धचा पुरावा बाहेर कसा काढला? कुणी काढला? कोणत्या अधिकाराने? शाळेत नागरिकशास्त्रात आपण संसद, कार्यकारी मंडळ आणि न्यायालय अशी तीन खांबांची आकृती काढतो आणि पुढे जातो. त्या आकृतीत एक महत्त्वाची गोष्ट सुटते. अमेरिकेच्या घटनेने निर्णय घेण्याची सत्ता तिघांत वाटली, आणि त्याबरोबर ‘दाखव, तुझ्याकडे काय आहे’ असं दुसऱ्याला म्हणण्याची सत्ताही वाटली. या लेखात मला ही दुसरी वाटणी समजावून सांगायची आहे.

खोटं बोलणं गुन्हा कधी ठरतं?

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जी शपथ घेतो ती इंग्रजीत अवघ्या ३५ शब्दांची आहे. पदाचं काम निष्ठेने करीन आणि राज्यघटनेचं जतन, संरक्षण आणि बचाव करीन, एवढंच तिच्यात आहे. ‘मी खरं बोलेन’ असं कुठेही नाही. घटनेच्या दुसऱ्या कलमात, अध्यक्षाने देशाच्या स्थितीची माहिती काँग्रेसला वेळोवेळी द्यावी, असं म्हटलंय. (काँग्रेस म्हणजे इथे पक्ष नव्हे, तिथली संसद.) पण कोणती माहिती, किती, आणि ती खोटी निघाली तर काय, याबद्दल घटना गप्प आहे.

जनतेशी खोटं बोलणं हा तिथे सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. कॅलिफोर्नियातल्या एका स्थानिक पाणीपुरवठा मंडळाच्या सदस्याने आपल्याला देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याची थाप भर सभेत मारली होती. अशा थापेला शिक्षा देणारा कायदा होता, पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. कारण उघड आहे. कोणतं विधान खोटं हे ठरवून शिक्षा देण्याचा अधिकार सरकारला दिला, की सरकार तो सर्वांत आधी आपल्या विरोधकांवर वापरणार. मला हा निर्णय बरोबर वाटतो.

मग सत्तेला खरं बोलायला लावायचं कसं? त्यासाठी काही ठिकाणं वेगळी ठेवली आहेत. न्यायालयातला साक्षीदाराचा पिंजरा, काँग्रेसच्या समितीसमोरची शपथेवरची साक्ष, आणि केंद्रीय तपास अधिकाऱ्याला दिलेला जबाब. इथे जाणूनबुजून खोटं बोललात तर तो गुन्हा आहे आणि तुरुंगही आहे. भाषणात, मुलाखतीत, प्रचारात काहीही म्हणा; या खोल्यांत मात्र शब्द मोजून टाकावा लागतो.

हे एकदा ध्यानात आलं की अमेरिकी राजकारणातल्या कितीतरी भांडणांचा अर्थ लागतो. समितीसमोर यायला कोण नकार देतंय, कोणते कागद रोखून धरलेत, समन्सला कोण आव्हान देतंय, यावर तिथे वर्षानुवर्षं खटले चालतात. बाहेरून ते तांत्रिक वाटतात. प्रत्यक्षात भांडण एकच असतं: त्या खोलीत कुणाला आणायचं आणि येताना कोणते कागद घेऊन यायला लावायचं.

पाच वर्षांची खुर्ची आणि चार वर्षांची खुर्ची

आपल्या डोक्यात संसदीय पद्धत पक्की बसलेली असते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. भारतात पंतप्रधान लोकसभेच्या विश्वासावर टिकतो. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, ते आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीसमोर बसून पाहिलंय. सरकार पाडायला गुन्हा सिद्ध करावा लागत नाही, बहुमत नाही एवढंच दाखवावं लागतं.

अमेरिकेत तसं नाही. राष्ट्राध्यक्ष स्वतंत्रपणे निवडून येतो आणि चार वर्षांची मुदत घेऊन येतो. संसदेत त्याच्या पक्षाचं बहुमत नसलं तरी त्याची खुर्ची हलत नाही. त्याला मध्येच काढायचं तर महाभियोग हाच मुख्य मार्ग. ४३५ जणांच्या प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे आणि १०० जणांच्या सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. सगळे हजर असतील तर ६७ मतं. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. १९९८ मध्ये क्लिंटन यांच्यावर आरोप ठेवले गेले, तेही सुटले. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असे दोनदा आरोप ठेवले गेले. दुसऱ्या वेळी ५७ मतं विरोधात पडली, तरी ती कमी होती. सिनेटने दोषी ठरवून घरी पाठवलेला राष्ट्राध्यक्ष आजवर एकही नाही.

एवढा उंच उंबरठा ओलांडायचा तर नुसता राजकीय विरोध पुरत नाही. अध्यक्षाच्याच पक्षातल्या लोकांना मत फिरवावं लागतं, आणि ते फिरवायला त्यांना नाकारता येणार नाही असा पुरावा लागतो. म्हणून तिथे पुरावा कुणाच्या ताब्यात आहे याला इतकं महत्त्व.

पुरावा एकाच बाजूकडे असला की काय होतं, ते व्हिएतनामच्या वेळी दिसलं होतं. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोन दिवसांच्या अंतराने दोन हल्ले झाले, असं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सरकारने सांगितलं. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला प्रत्यक्षात झालाच नव्हता. पण काँग्रेसकडे स्वतःचे डोळे नव्हते. सरकार जे सांगेल त्यावरच मत द्यायचं होतं. अध्यक्षाला लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ असा संमत झाला. युद्ध जाहीर करण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलाय. तो कुणी हिसकावून घेतला नाही. काय घडलं हे ठाऊक नसल्यामुळे काँग्रेसने तो स्वतःहून जॉन्सन यांच्या हाती दिला. पुढे १९७१ मध्ये पेंटागॉनचा, म्हणजे संरक्षण खात्याचा, या युद्धावरचा सुमारे ७,००० पानांचा गुप्त अहवाल वृत्तपत्रांत आला, तेव्हा अनेक वर्षं लोकांना एक सांगितलं जात होतं आणि आत दुसरंच ठाऊक होतं, हे छापील रूपात समोर आलं. छपाई थांबवण्याची सरकारची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशी फेटाळली. त्याच सुमारास सिनेटर माइक ग्रॅव्हेल यांनी त्यातला काही भाग एका उपसमितीत वाचला आणि मोठा भाग तिच्या कामकाजाच्या नोंदीत घातला, कारण सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल सदस्याला बाहेर कुणी जाब विचारू शकत नाही. माहिती बाहेर काढण्याच्या घटनेतल्या वाटा अशा निरनिराळ्या ठिकाणी आहेत, आणि प्रत्येकीची किल्ली वेगळ्या हातात आहे.

पहिल्या पाच महिन्यांत काहीच झालं नाही

वॉटरगेटची कथा सांगताना यंत्रणा आपोआप चालली असा आव आणला जातो. तसं झालं नाही. प्रतिनिधिगृहाच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष राइट पॅटमन यांना चोरट्यांकडच्या पैशाचा माग काढायचा होता. निक्सन यांच्या प्रचारासाठी दिलेला २५,००० डॉलरचा एक धनादेश पकडलेल्या पाचांपैकी एकाच्या बँक खात्यात जमा झाला होता; धागा तिथूनच निघत होता. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांच्याच समितीने, समन्स काढण्याचा अधिकार द्यायचा नाही, असं २० विरुद्ध १५ मतांनी ठरवलं. चौकशी तिथेच संपली. महिनाभराने निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून पुन्हा निवडून आले. मतदारांनी चुकीचं मत दिलं असं मी म्हणणार नाही. ज्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, त्याचा निवाडा ते करणार तरी कसा?

कोंडी फुटली ती न्यायालयात. चोरट्यांचा खटला न्यायाधीश जॉन सिरिका यांच्यापुढे होता. बहुतेक आरोपींनी गुन्हा कबूल करून तोंड बंद ठेवलंय, कुणीतरी त्यांना गप्प बसवतंय, हा संशय त्यांनी लपवला नाही आणि मोठ्या शिक्षेची टांगती तलवार ठेवली. मार्च १९७३ मध्ये मॅकॉर्डने त्यांना पत्र लिहिलं: आरोपींवर दबाव होता, खटल्यात खोट्या साक्षी झाल्या. सिरिका यांनी ते भर न्यायालयात वाचून दाखवलं.

त्याआधीच, फेब्रुवारीत, सिनेटने ७७ विरुद्ध ० मतांनी चौकशी समिती नेमली होती. समितीचे अध्यक्ष डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम अर्विन, उपाध्यक्ष निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे हॉवर्ड बेकर. मे महिन्यापासून सुनावणी टीव्हीवर सुरू झाली. जूनमध्ये निक्सन यांचे माजी कायदा सल्लागार जॉन डीन यांनी शपथेवर २४५ पानांचं निवेदन वाचलं आणि अध्यक्ष स्वतः पांघरूण घालण्यात सामील होते असं सांगितलं. निक्सन यांनी नाकारलं. आता एका माणसाचा शब्द देशाच्या अध्यक्षाच्या शब्दाविरुद्ध उभा होता. गोष्ट इथेच अडकली असती, आणि जगात बहुतेक ठिकाणी ती इथेच अडकते.

१६ जुलै १९७३ रोजी अलेक्झांडर बटरफिल्ड नावाच्या माजी अधिकाऱ्याला समितीने विचारलं, अध्यक्षांच्या कार्यालयात संभाषण टिपणारी काही यंत्रं होती का? तो शपथेवर होता. त्याने सांगितलं, होती. फेब्रुवारी १९७१ पासून निक्सन यांची कार्यालयातली आणि फोनवरची बोलणी त्यांच्याच हुकमाने गुपचूप ध्वनिमुद्रित होत होती. पुढे मोजणी झाली तेव्हा सुमारे ३,७०० तासांच्या टेप निघाल्या. (१९७१च्या बांगलादेश युद्धाच्या काळात निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर इंदिरा गांधींबद्दल जी गलिच्छ भाषा वापरत होते, ती २००५ मध्ये जगाला कळली, तीही याच टेपांमधून.)

डीन खरं बोलतोय की निक्सन, हे आता ऐकून ठरवता येणार होतं. मात्र टेप होत्या निक्सन यांच्या कपाटात.

शनिवारची रात्र

टेप मागणारे दोघे होते: सिनेटची समिती आणि वॉटरगेटच्या फौजदारी तपासासाठी नेमलेले विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स. दोघांनीही समन्स काढलं, दोघांनाही नकार मिळाला, दोघेही न्यायालयात गेले. आणि गंमत वाटावी असं वेगळंच घडलं: निवडून आलेल्या सिनेटची समिती न्यायालयात हरली, नेमलेला वकील जिंकला. न्यायालयाचं म्हणणं असं की समितीला कायदे करण्यासाठी या टेप अत्यावश्यक आहेत हे तिने दाखवलेलं नाही. फौजदारी तपासाची गोष्ट निराळी, तिथे ठरावीक गुन्ह्याचा ठरावीक पुरावा लागतो. म्हणजे समन्स कुणी काढलं याइतकंच ते कशासाठी काढलं हेही महत्त्वाचं. हा धडा अमेरिकेतले वकील अजून गिरवतात.

कॉक्स यांची नेमणूक अ‍ॅटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी केली होती. अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे तिथला कायदामंत्रीच. गंभीर गैरवर्तनाखेरीज कॉक्स यांना काढणार नाही, असं वचन रिचर्डसन यांनी नेमणुकीच्या वेळी सिनेटला दिलं होतं. २० ऑक्टोबर १९७३, शनिवार. निक्सन यांनी रिचर्डसन यांना हुकूम दिला, कॉक्सला काढा. रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. मग त्यांचे उपमंत्री विल्यम रकल्सहाउस यांना तोच हुकूम. त्यांनीही नाकारलं, तेही गेले. तिसऱ्या क्रमांकाचे रॉबर्ट बोर्क यांनी सही केली.

लिखित कायद्याच्या चौकटीत राहूनच अध्यक्ष सगळा तपास गिळून टाकतील, असं त्या रात्री वाटलं होतं. ते का झालं नाही? दोन मोठ्या पदांवरच्या माणसांनी पद सोडलं, म्हणून बातमी दडपता आली नाही. व्हाइट हाउस आणि काँग्रेसवर निषेधाच्या तारांचा पूर आला. तीन दिवसांत निक्सन यांनी काही टेप द्यायचं कबूल केलं, १ नोव्हेंबरला लिऑन जवॉर्स्की हे नवे विशेष वकील नेमावे लागले, आणि त्याच महिन्यात एका केंद्रीय न्यायाधीशाने कॉक्स यांची हकालपट्टी बेकायदा ठरवली. मला या साऱ्या प्रकरणात रिचर्डसन आणि रकल्सहाउस यांच्याबद्दल फार आदर वाटतो. ते विरोधी पक्षाचे नव्हते. निक्सन यांनीच नेमलेली माणसं होती ती, आणि दिलेलं वचन त्यांनी नेमणाऱ्यापेक्षा मोठं मानलं.

अध्यक्षाचं म्हणणं अगदीच चूक होतं का?

जवॉर्स्की यांनी एप्रिल १९७४ मध्ये आणखी ६४ संभाषणं मागितली. निक्सन यांनी स्वतः काटछाट केलेली, १,२०० हून अधिक पानांची लेखी प्रत प्रसिद्ध केली. टेप मात्र देणार नाही म्हणाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

निक्सन यांच्या बाजूचं म्हणणं नीट समजून घ्यायला हवं, कारण ते पोकळ नव्हतं. अध्यक्षाला सल्लागारांशी मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. उद्या आपला प्रत्येक शब्द न्यायालयात वाजवला जाईल अशी भीती असेल तर कोणता सल्लागार खरा सल्ला देईल? शिवाय सत्तेची विभागणी आहे. न्यायालय अध्यक्षाला हुकूम देऊ लागलं तर तो स्वतंत्र कसा राहिला? याला तिथे अध्यक्षांचा गोपनीयतेचा विशेषाधिकार म्हणतात. घटनेत त्याचा शब्दाने उल्लेख नाही.

२४ जुलै १९७४ रोजी ८ विरुद्ध ० असा एकमुखी निकाल आला. न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी पूर्वी निक्सन यांच्या कायदा खात्यात काम केलं होतं म्हणून ते बाजूला राहिले. उरलेल्या आठांपैकी तिघे निक्सन यांनीच नेमलेले होते, आणि निकाल लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर हे त्यांतले एक.

निकालाचा गाभा सोपा आहे. असा विशेषाधिकार आहे, न्यायालयाने तो स्पष्ट शब्दांत मान्य केला. मात्र तो अमर्याद नाही. लष्करी किंवा परराष्ट्र व्यवहारातलं गुपित असतं तर विचार वेगळा झाला असता. इथे तसं काहीच सांगितलेलं नाही, फक्त ‘आमची बोलणी गुप्त असावीत’ एवढंच आहे. उलट बाजूला फौजदारी खटला आहे, ठरावीक आरोपी आहेत, आणि सत्य कळल्याशिवाय न्याय होऊ शकत नाही. अशा वेळी गोपनीयतेला मागे सरावं लागतं. आणि विशेषाधिकाराची हद्द कुठे संपते हे ठरवणार कोण? कायद्याचा अर्थ सांगणं हे न्यायालयाचं काम आहे, हे १८०३ सालापासूनचं तत्त्व बर्गर यांनी पुन्हा मांडलं. म्हणजे आपल्या अधिकाराची मोजपट्टी अध्यक्षाने स्वतःच्या हातात ठेवायची नाही.

न्यायालयाकडे सैन्य नाही, पोलीस नाही. निक्सन यांनी टेप दिल्याच नसत्या तर? हा प्रश्न तेव्हा खरोखरच विचारला जात होता. सर्वोच्च न्यायालयाचा ‘निर्णायक’ निकाल आला तर मानू, असं व्हाइट हाउसने वर्षभर आधी म्हटलं होतं. पाच विरुद्ध तीन असा निकाल आला असता तर तो निर्णायक नाही म्हणायला जागा होती. एकमताने ती जागा ठेवली नाही.

२३ जूनची टेप

त्याच आठवड्यात प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीची महाभियोगावरची चर्चा टीव्हीवर चालू होती. टेक्ससच्या बार्बरा जॉर्डन २५ जुलैच्या रात्री बोलल्या. १७८७ मध्ये ‘आम्ही लोक’ या शब्दांनी घटना सुरू झाली तेव्हा त्या लोकांत आपण नव्हतो, याची आठवण या कृष्णवर्णीय सदस्येने करून दिली. आणि तरीही त्या घटनेवर आपली पूर्ण श्रद्धा आहे, तिची मोडतोड आपण बसून बघणार नाही, असं सांगितलं. ते भाषण आजही ऐकता येतं. ज्या घटनेने जॉर्डन यांच्या पूर्वजांना गुलाम राहू दिलं, त्याच घटनेचा कायदा त्या कलमावर बोट ठेवून समजावत होत्या. ऐकताना दर वेळी माझा गळा दाटून येतो.

समितीने तीन आरोप मंजूर केले. तपासात अडथळा आणल्याचा आरोप २७ विरुद्ध ११ मतांनी, सत्तेच्या गैरवापराचा २८ विरुद्ध १० मतांनी, आणि काँग्रेसची समन्सं धुडकावल्याचा २१ विरुद्ध १७ मतांनी. पहिल्या आरोपाला सहा आणि दुसऱ्याला सात रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला होता.

५ ऑगस्टला न्यायालयाच्या हुकमामुळे एक टेप बाहेर आली. तारीख २३ जून १९७२, म्हणजे चोरीनंतरचा सहावा दिवस. निक्सन आपले मुख्य सहायक हाल्डमन यांच्याशी बोलत आहेत. एफबीआयचा तपास पैशाच्या मागे लागलाय, तर सीआयएकडून एफबीआयला सांगायला लावायचं की यात पडू नका, असा बेत हाल्डमन सांगतात आणि अध्यक्ष त्याला होकार देतात. दोन वर्षं देशाला सांगितलेली कथा त्या संभाषणात मोडून पडली. समितीत तिन्ही आरोपांच्या विरोधात मत दिलेल्या दहाही रिपब्लिकनांनी आपण आता महाभियोगाच्या बाजूने असल्याचं जाहीर केलं. ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे त्यांच्याच पक्षाचे ज्येष्ठ नेते निक्सन यांना भेटले. सिनेटमध्ये वाचायला ३४ मतं लागत होती. तेवढी नाहीत, हे त्यांनी सांगितलं. दोन दिवसांनी निक्सन गेले. महिनाभरात नवे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना सरसकट माफी दिली. माजी अ‍ॅटर्नी जनरल जॉन मिचेल यांना मात्र तुरुंगात जावं लागलं.

कपाटाची मालकी

त्यानंतरच्या काही वर्षांत काँग्रेसने झपाट्याने कायदे केले. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याला १९७४ मध्ये, फोर्ड यांचा नकाराधिकार डावलून, धार आणली. १९७८ मध्ये सरकारी खात्यांत आतला गैरकारभार तपासणारे स्वतंत्र महानिरीक्षक आले. त्याच वर्षीचा अध्यक्षीय दस्तऐवजांचा कायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तोवर अध्यक्षाची कागदपत्रं ही त्याची खासगी मालमत्ता समजली जात. जाताना तो ती घरी घेऊन जाई. १९८१ पासूनच्या अध्यक्षांना लागू झालेल्या या कायद्याने ती जनतेची झाली.

पण ही मांडणी तशीच गोठून राहिलेली नाही. १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ट्रम्प यांच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला. घटनेने फक्त अध्यक्षालाच दिलेले अधिकार वापरताना केलेल्या कृतीबद्दल त्याच्यावर फौजदारी खटला चालूच शकत नाही. इतर अधिकृत कामांनाही संरक्षण आहे असं धरून चालायचं; ते दूर करायचं तर सरकारी वकिलाने कारण सिद्ध करायचं. खासगी कृतींना संरक्षण नाही. कृती अधिकृत की खासगी हे ठरवताना अध्यक्षाचा हेतू काय होता हे न्यायालयाने विचारायचं नाही. बहुमताचा युक्तिवाद असा की तुरुंगाची भीती बाळगणारा अध्यक्ष धाडसाने निर्णय घेणार नाही. निक्सन यांच्या वकिलांच्या म्हणण्याची छाया त्यात दिसते.

आता २३ जूनचं संभाषण पुन्हा डोळ्यांसमोर आणा. अध्यक्ष, त्याचा मुख्य सहायक, आणि सीआयए व एफबीआय या दोन सरकारी यंत्रणांना द्यायची सूचना. हे अधिकृत काम की खासगी? २०२४ नंतर कोणताही बचाव पक्षाचा वकील हा प्रश्न आधी उभा करील, आणि त्या सूचनेमागे हेतू काय होता हे विचारायची वाट अरुंद झालेली असेल. माझ्या मते ही मोठी चूक झाली आहे, कारण १९७४ मध्ये सारा गुन्हा त्या हेतूतच होता. महाभियोगाला या निकालाने हात लावलेला नाही हे खरं. पण ६७ मतं मिळवायला लागणारा पुरावा त्या वेळी फौजदारी खटल्याच्या वाटेनेच हाती आला होता. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सुमारे १७ महानिरीक्षकांना एका रात्रीत काढलं. कायद्याने काँग्रेसला ३० दिवसांची पूर्वसूचना द्यायला हवी होती, ती दिली गेली नाही.

निक्सन यांच्या टेप आता राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत आणि २३ जूनची टेप घरबसल्या ऐकता येते. २० जून १९७२ची, म्हणजे चोरीनंतर तिसऱ्या दिवशीची, एक टेप मात्र ऐकून उपयोग नाही. तिच्यात साडेअठरा मिनिटं नुसती घरघर आहे. किमान पाच वेळा वेगवेगळी पुसापुशी झाली आहे, असं न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी १९७४ मध्ये सांगितलं. त्या दिवशी निक्सन यांच्यासमोर बसलेल्या हाल्डमन यांच्या टिपणवहीवरून एवढं कळतं की विषय वॉटरगेटचाच होता. नवं तंत्र वापरून ते बोलणं परत मिळवता येतं का, याची चाचणी अभिलेखागाराने घेतली. २००३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ते जमलं नाही. टेप जपून ठेवली आहे.